साथीतल्या आशाताई आणि दारातली मराठी

२२ मार्च २०२० च्या रविवारी सायंकाळी पाच वाजता शहरांप्रमाणेच आपल्या खेड्यांतही ताटे-वाट्या वाजल्या. त्या वाजवताना लोकांच्या डोळ्यांसमोर डॉक्टर होते, नर्सबाई होत्या, पोलीस होते. गल्लीगल्लीतून फिरणाऱ्या आशाताईची आठवण त्या वेळी फारशी कोणाला नव्हती. ती झाली पुढच्या आठ-पंधरा दिवसांत. मुंबई, पुणे, गोवा सोडून पोरे गावी परतू लागली, आणि कोण कुठून आला, कधी आला, अंगात ताप आहे का, हे लिहून घ्यायला ती वही घेऊन दारात उभी राहिली. ही आठवण मात्र गोड नव्हती.

या गोष्टीला आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. साथीविषयी बोलताना आपण सहज म्हणून जातो, की या मंडळींनी जिवावर उदार होऊन काम केले. ऐकायला हे बरे वाटते. पण त्यातून असा समज होतो, की भीती म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हते. भीती होती, आणि भरपूर होती. प्रत्येकीने आपल्यापुरता धोक्याचा हिशेब मांडला होता. तो हिशेब काय होता, आणि सीमाभागातील मराठी बाईच्या बाबतीत त्यात भाषेची रक्कम कुठे येत होती, हे पाहण्यासारखे आहे.

आधी पोर, मग गाव, मग आजार

आशा ही योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. साधारण एक हजार वस्तीमागे एक बाई, आणि ती त्याच गावची. देशभरात त्यांची संख्या नऊ-दहा लाखांच्या घरात आहे, एकट्या कर्नाटकात ४० हजारांवर. सरकारच्या लेखी ती नोकर नाही, स्वयंसेविका आहे. म्हणजे पगार नाही; मानधन आणि कामागणिक भत्ता. बाळंतिणीला दवाखान्यात नेले तर इतके, लसीकरणाला मुले आणली तर इतके. कोरोनाच्या कामासाठी केंद्र सरकारने तिला महिन्याला एक हजार रुपये जादा ठरविले. दिवसाचा हिशेब केला तर तेहतीस रुपये पडतात.

कामाच्या जागेवरचा हा धोका मनाचा खेळ नव्हता. २००२-०३ मध्ये सार्सची साथ आली, तेव्हा जगभरातील ८,०९६ रुग्णांपैकी १,७०६ जण आरोग्य कर्मचारीच होते. पाचांतला एक म्हणा ना. कोरोनात जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

तरीही साथीत काम केलेल्यांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानी येते. आपल्याला आजार होईल, ही त्यांची पहिली भीती नव्हती. आपल्यामुळे घरात आजार येईल, ही होती. म्हणून परसात चूल पेटवून पाणी तापत ठेवायचे, अंगावरची साडी तिथेच बादलीत टाकायची, डोक्यावरून आंघोळ करायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. घरात म्हातारे सासू-सासरे असले तर अंथरूण सोप्यात. तान्हे पोर असले तर त्याची रवानगी आजोळी. ज्यांचे घर दोन खोल्यांचे, त्यांना हेही साधत नव्हते. शहरातल्या डॉक्टरांची सोय काही ठिकाणी हॉटेलांत आणि वसतिगृहांत झाली. खेड्यातल्या आशाताईची सोय तिच्याच सोप्यात.

दुसरी भीती गावाची. ती त्याच गावात राहणारी. दुपारी जिच्या घरावर कागद चिकटवायचा, तिच्याच शेजारी उद्या विहिरीवर उभे राहायचे. आपल्याकडे त्या वेळी ‘सीलडाऊन’ हा शब्द फार चालला होता. तुझ्यामुळे गल्ली सीलडाऊन झाली, हा बोल तिला ऐकावा लागे. दुकानदार सामान लांबून ठेवी, दूधवाला घर चुकवी. आजार चौदा दिवसांत बरा होतो. गावाने धरलेला राग चौदा दिवसांत उतरत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. स्वतःच्या जिवाची भीती त्यानंतरची. हा क्रम लक्षात घेतला नाही, तर तिने कुठे सावधगिरी बाळगली आणि कुठे सोडली याचा उलगडा होत नाही. घरी आल्यावर ती काटेकोर असे, आणि दारात मात्र मास्क खाली ओढून बोले. तिचे घर आणि तिचे गाव, दोन्ही तिला सांभाळायचे होते.

राग कुठवर जातो याची उदाहरणेही घडली. मराठी माणसांची जुनी वस्ती असलेल्या इंदूर शहरात १ एप्रिल २०२० रोजी तपासणीला गेलेल्या पथकावर दगडफेक झाली, दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. जुलै २०२० मध्ये बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारात रुग्णवाहिका जाळण्यात आली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. केंद्राने २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ला अजामीनपात्र ठरविला, पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत असल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. ज्या कायद्यात ही दुरुस्ती झाली तो १८९७ चा साथरोग कायदा.

गाठीच्या तापाची आठवण

हा कायदा प्लेगसाठी केलेला. त्या साथीतही पुढे उभे राहणारे लोक होते आणि त्यांचेही असेच हिशेब होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ताप प्लेगचाच आहे, हे ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याच्या हडफडे गावचे. पुण्यात सावित्रीबाई फुले आजारी मुलाला उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, त्यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ही दोन नावे आपण घेतो. घेतली जात नाहीत ती मुंबईच्या झाडूवाल्यांची आणि भंगी कामगारांची. ते शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, अशी धास्ती त्या वेळच्या महापालिका आयुक्तांना, स्नो यांना, होती. सुरुवातीचे सक्तीचे उपाय सैल करण्यामागे हेही एक कारण होते. म्हणजे ज्यांना गावात बसायला जागा नव्हती, त्यांच्या भीतीची दखल सरकारला घ्यावी लागली, कारण ती भीती शहराला परवडणारी नव्हती.

आपल्या भागात गाठीच्या तापाला गावेच्या गावे रिकामी करून माणसे माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. जुन्या माणसांच्या तोंडी या गोष्टी परवापरवापर्यंत होत्या. कोरोनात मुंबईहून आलेल्या पोरांना शेतातल्या खोपीत ठेवायचे असे काही गावांनी आपणहून ठरविले, त्यामागे ती आठवण नसेलच असे नाही.

मास्क खाली का आला?

आता भाषेकडे येऊ. कर्नाटकात सरकारी कागद कन्नडमध्ये निघतो. खानापूर, बेळगाव, निपाणी भागातील मराठी गावात आशाताई बहुधा मराठी शाळेत शिकलेली, तिच्या हाती पडणारा तक्ता कन्नड. बोलण्यापुरते कन्नड तिला येते, बाजाराला पुरते. पण छापील कागदातील वैद्यकीय शब्द वाचणे निराळे. तो कागद घरच्या शाळकरी मुलाकडून वाचून घेण्याची पाळी अनेकींवर येते. पूर्वी ते चालून जाई. जंताच्या गोळ्यांचा तक्ता उशिरा समजला म्हणून कोणाचे बिघडत नव्हते. साथीत मात्र सूचना आठवड्याला बदलत होत्या. कोणाला चौदा दिवस, कोणाला सात. शिक्का कोणाच्या हातावर, कागद कोणाच्या दारावर. ताप नसला तरी स्वॅब द्यायचा की नाही.

येथे कोणाच्या कन्नडवर आक्षेप घेण्याचा प्रश्न नाही. कन्नड गावातली आशाताई मराठी मुलखात गेली असती तर तिचीही तीच अडचण झाली असती, आणि सोलापूर, अक्कलकोट, जत भागात ती होतही असणार. प्रश्न असा आहे, की धोका समजण्यासाठी प्रश्न विचारता यावे लागतात. दुसऱ्याच्या भाषेत दिलेले प्रशिक्षण ऐकताना माणूस मान हलवतो, शंका विचारत नाही. शंका विचारली तर भाषा कच्ची आहे हे उघडे पडते. हातमोजे दोनदा वापरले तर चालतील का? घरी दमेकरी सासरे आहेत, मी काय करू? मला ताप आला तर मी कोणाला सांगायचे आणि त्या दिवसांचे पैसे मिळणार का? हे प्रश्न पोटातले आहेत. ते घरच्या भाषेतच बाहेर येतात.

आणि भाषेमुळे धोका नुसता अंधूकच राहत नाही, तो प्रत्यक्ष वाढतो. समोरच्याला आपले बोलणे कळेना की आपण काय करतो? आवाज चढवतो, एक पाऊल पुढे सरकतो, तोंडावरचे फडके खाली ओढतो. सहा फुटांचे अंतर तीन फुटांवर येते, आणि अर्ध्या मिनिटाची गोष्ट पाच मिनिटे चालते. सीमेवरच्या तपासणी नाक्यांवर याचा प्रत्यय रोजचा होता. २०२० मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२१ नंतर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आर.टी.पी.सी.आर. दाखला सक्तीचा झाला, तेव्हा कोगनोळीच्या नाक्यावर पोलीस आणि आरोग्य कर्मचारी पाळीपाळीने उभे होते. नाक्यावरचा शिपाई विजापूर-बागलकोटकडचा, पुढे उभा असलेला कागल वा चंदगडचा शेतकरी. एकाला मराठी तुटपुंजे, दुसऱ्याला कन्नड नाही. ज्याचे रान नाक्याच्या अलीकडे आणि घर पलीकडे, त्याला नियम समजावून सांगायचा तो खाणाखुणांनी. तो शिपाई दिवसाला अशी किती तोंडे जवळून पाहत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

उलट ‘आरोग्य सेतु’ हे मोबाईलवरचे साधन एप्रिल २०२० मध्ये आले ते मराठी, कन्नडसह अनेक भारतीय भाषांत. यंत्राला जमले ते. अडचण होती ती कागदाची आणि साध्या मोबाईलवाल्यांची.

राज्य पुनर्रचनेच्या वेळी १९५६ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे संरक्षण ठरले आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत जे पुन्हा मान्य झाले, त्यात एखाद्या भागात अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्क्यांवर असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे आहे. सीमाभागात या कलमाचा वाद आपण सातबारा उतारा, मतदार यादी आणि बसवरील पाटी यांच्यासाठी वर्षानुवर्षे घालतो आहोत, आणि तो घालायलाच हवा. पण हे कलम औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेइतके निकडीचे असू शकते, हे साथीत दिसले.

सवय आणि पैसा

पहिल्या लाटेत जी धास्ती होती ती २०२० च्या दिवाळीपर्यंत विरली. हा मनुष्यस्वभाव आहे. शंभर दारे फिरून काही झाले नाही की एकशेएकाव्या दारी हात धुवायचा राहून जातो. खाणकामगार, वायरमन, ट्रकचालक यांच्यात हेच दिसते. याला बेपर्वाई म्हणून मोकळे होता येत नाही. रोजचा धोका रोज तितक्याच तीव्रतेने मनात धरून काम करणे कोणालाच शक्य नसते. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांचा नंबर पहिला होता; आणि पाठोपाठ एप्रिल-मे मधली दुसरी लाट आली, तीच अधिक घातक ठरली.

पैशाविषयी मात्र त्या कधीच गाफील नव्हत्या. ३० मार्च २०२० पासून केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचा विमा लागू केला, त्यात आशाही होत्या. चांगली गोष्ट झाली. पण तो मृत्यूचा विमा. त्यासाठी तपासणीचा अहवाल हवा, ती त्या कामावर होती असा अधिकाऱ्याचा दाखला हवा. पंधरा दिवस तापाने घरी पडली तर काय? काम नाही म्हणजे भत्ता नाही. मेली तर ५० लाख आणि आजारी पडली तर शून्य, असा तो हिशेब. जुलै २०२० मध्ये, साथ चढत असताना, कर्नाटकातील आशांनी महिना १२ हजार रुपये आणि सुरक्षेची साधने मागत काम थांबविले, ऑगस्टमध्ये देशभरातील आशा आणि अन्य योजनांच्या सेविका संपावर गेल्या, जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील. साथीत संप कसला करता, असे त्यांना विचारण्यात आले. साथीतच त्यांची किंमत कळणार होती, नंतर कोण विचारणार होते?

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील आशा पुन्हा बंगळूरला थंडीत उघड्यावर बसल्या, तेव्हा कुठे महिना दहा हजारांचे आश्वासन त्यांच्या पदरात पडले.

पावसाळा लागला की डेंग्यू, चिकुनगुन्याच्या सर्वेक्षणाला याच आशाताई याच दारांत येतात, टाकीतले पाणी पाहतात, तापाची नावे लिहून घेतात. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागायची गोष्ट फार मोठी नाही. मराठी गावांत जाणाऱ्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तोच मजकूर मराठीत छापावा, आणि प्रशिक्षणाच्या शेवटी अर्धा तास मराठीत शंका विचारायला मोकळा ठेवावा. ग्रामपंचायतींनी तसा ठराव करून पाठवायला हरकत नसावी. ठरावाचा कागद कन्नडमध्ये लिहून पाठवला तरी चालेल.