बदकवेलीच्या पोटातली माशी

'कुंपणावर बदकवेल लावली आहे. फुलाच्या फुगीर भागात बारीक माश्या अडकलेल्या दिसतात. ही वेल मांसाहारी आहे का?' असं एका वाचकांनी विचारलं आहे.

मुळीच नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वेल माशीला खात नाही, रात्रभर कोंडून ठेवते, एवढंच. फुलाचं तोंड पसरट, मरून रंगाचं, पांढऱ्या नक्षीचं. मागे वाकडी नळी आणि तळाशी कप्पा. कोकणात पावसाळ्यात वहाळात मासे धरायला बांबूची निमुळती टोपली लावतात. तिच्या तोंडाशी काड्या आतल्या बाजूला वळवलेल्या असतात. मासा सहज आत शिरतो, परतताना मात्र काड्यांची टोकं आडवी येतात. या नळीतले केस नेमकं तेच करतात. पहिल्या दिवशी फूल मादी अवस्थेत असतं. माशीने दुसऱ्या फुलातून आणलेले पराग इथे कामी येतात. मग परागकोश फुटतात, माशी नव्या परागांनी माखते, केस सुकतात आणि वाट मोकळी होते.

या कोंडवाड्याचा परागीभवनाशी संबंध ओळखला तो जर्मनीतल्या ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेलने, याच वेलीच्या युरोपातल्या भाईबंदाचं फूल तपासून. तो स्पांडाऊच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. फुलं आणि कीटक यांच्या नात्यावरचं त्याचं पुस्तक १७९३ साली आलं. त्याची कदर झाली नाही. पुढच्याच वर्षी नोकरीही गेली. १८१६ मध्ये तो वारला. १८४१ मध्ये रॉबर्ट ब्राउनच्या सांगण्यावरून डार्विनने ते पुस्तक वाचलं, तेव्हा कुठे त्याचं मोल कळू लागलं. आपल्याकडे परागीभवनाचे प्रकार मुलं पाठ करतात. ज्याने फुलांपाशी बसून ते उलगडले, त्याचं नावही त्यांच्या कानावर पडायला हवं.

वेल लावायची तर भरपूर ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती आणि मजबूत जाळी द्या. औषधी म्हणून मात्र तिचा कुठलाही भाग पोटात घेऊ नका. या कुळातल्या अॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांतून ते पोटात गेल्याने अनेक स्त्रियांना ते भोगावं लागलं. फुलपाखरांसाठी वेल हवी असेल तर आपली देशी ईश्वरी लावा. कॉमन रोझच्या अळ्या तिची पानं खातात आणि तेच विष अंगात साठवून पक्ष्यांपासून वाचतात.

शिक्षकांना एक विनंती: बदकवेलीचं आज उमललेलं एक फूल आणि कालचं एक फूल उभं चिरून मुलांना भिंगातून केस दाखवा. नंतर सगळ्यांना हात धुवायला लावा.