आखाजीचं पाणी

आमच्या गावात उन्हाळ्यात दारी आलेल्याला 'पाणी हवं का?' असं विचारत नाहीत. तो पायरीशी चपला काढतो, तोवर घरातलं कुणीतरी माठाकडे वळलेलं असतं. लग्न होऊन मी पुण्याहून अमळनेर तालुक्यातल्या या गावात आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला हे शिकवलं. भर दुपारी भांडीवाली दारात उभी राहिली. मी आतूनच विचारलं, "पाणी देऊ का?" ती नको म्हणाली. सासूबाई उठल्या, तांब्या भरला, वर गुळाचा खडा घेतला आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवलं. तिनं तांब्या रिकामा केला. ती गेल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "विचारलं का माणूस नाहीच म्हणतं. तांब्या पुढे ठेवायचा असतो."

खानदेशातला उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना या तांब्याचं मोल सहज कळणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. हवा इतकी कोरडी, की दोरीवर टाकलेलं धोतर अर्ध्या तासात कडक होतं. त्याच दिवसांत विहिरी तळाला जातात आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. घरात जे सगळ्यात कमी उरलेलं आहे, तेच पाहुण्यापुढे आधी ठेवलं जातं. मला या गावाच्या आदरातिथ्यातलं हे सगळ्यात मोठं वाटतं.

आणि ते पाणी गार असतं. मातीत राख, भुसा किंवा लीद मिसळून कुंभार माठ घडवतो. भट्टीत ती भर जळून जाते आणि मातीत बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाळतं, आणि वाळताना माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे 580 कॅलरी उष्णता नेतं. म्हणजे दहा लिटर पाणी दहा अंशांनी उतरवायला हिशेबानं जेमतेम फुलपात्रभर पाणी वाळावं लागतं. बाहेरची झळ सारखी आत येत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त जातं, म्हणून सकाळी काठोकाठ भरलेला माठ संध्याकाळी उणा दिसतो. हवा 42 अंशांवर आणि अगदी कोरडी असेल, तर हे गार होणं बावीस-चोवीस अंशांपर्यंत जाऊ शकतं. रत्नागिरीच्या दमट हवेत हाच माठ नेला तर तो एवढी कमाल दाखवणार नाही. तिथं अंगावरचा घामच वाळत नाही, माठाचा कुठून वाळणार? म्हणून कोकणातला पाहुणचार कोकमाच्या सरबताकडे वळला असावा, असं मला वाटतं.

नवा माठ आणला की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पहिलं पाणी झाडाला घालायचं. बाहेरून घासून चकचकीत करायचा नाही. हल्ली ऑइलपेंटनं फुलं रंगवलेले माठ बाजारात येतात. दिसायला सुरेख, पण रंगानं छिद्रं बुजली की पाणी कोमटच. जुन्या माठाचंही तसंच होतं. पाण्यातले क्षार साचून तो एक-दोन उन्हाळ्यांत थकतो. मग त्यात धान्य भरतात किंवा तो चिमण्यांच्या पाण्यासाठी निंबाखाली अर्धा पुरतात.

घरंही उन्हाळा ओळखून बांधलेली. जुन्या धाब्याच्या घरांवर लाकडी सऱ्या, त्यावर काड्यांचा थर आणि वर जाड माती असते. सगळ्यात वर खारी नावाची पांढुरकी माती पसरतात, म्हणजे पावसात गळत नाही. दिवसभराची झळ एवढ्या मातीतून खाली उतरेपर्यंत सूर्य मावळतो. दुपारी पाहुण्याची बाज घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात टाकतात आणि घरची माणसं दाराकडच्या झळीत बसतात. रात्री सगळे धाब्यावर. संध्याकाळी पाणी शिंपडून ठेवलेली माती, तिचा वास, एका ओळीत गोधड्या, आणि मध्यरात्रीनंतर सुटणारा वारा. माझी पुण्याची भाचरं इथं येतात तेव्हा पहिल्या रात्री त्यांना झोप लागत नाही, कारण एवढे तारे त्यांनी पाहिलेले नसतात.

उन्हाचा धाक आहे, तसा त्याचा उपयोगही आहे. या दिवसांत गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं एकमेकींच्या घरी जातात. आज हिच्या कुरडया, उद्या तिच्या बिबड्या. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजतात आणि रोज पाणी बदलतात. मग वाटून चीक गाळायचा, रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. पहाटे चारला चूल पेटते, कारण उन्हं चढायच्या आत सोऱ्या फिरून झाला पाहिजे. चीक शिजवताना हात थांबला की गाठी होतात. म्हणून एक बाई ढवळते आणि दुसरी तिच्या कपाळाचा घाम पुसते. बिबड्या ज्वारीच्या. भिजवून आंबवलेल्या ज्वारीचा भरडा लसूण, जिरं, तीळ घालून घट्ट शिजवायचा आणि ओल्या फडक्यावर ओल्या हातानं थापायचा. अर्धवट वाळलेली, मधे मऊ आणि कडेला कुरकुरीत बिबडी शेंगदाण्यांबरोबर खाण्यासाठी पोरं दिवसभर बाजेभोवती घिरट्या घालतात. राखणीला बसवलेलं पोरगंच सगळ्यात जास्त खातं, आणि त्याला कुणी रागावत नाही. गरम चिकाची वाटी शेजारच्या घरी पाठवायची राहिली, तर मात्र आठवण करून दिली जाते.

हा सगळा खटाटोप पोचतो तो आखाजीपाशी. वैशाख शुद्ध तृतीया बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणून सोनंखरेदीच्या जाहिरातींत उरली आहे. खानदेशात ती आखाजी आहे, आणि इथं तिचा मान दिवाळीसारखा. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, मुली गौराई मांडतात, गाणी म्हणतात. सालदाराचं सालही आखाजी ते आखाजी. जुना हिशेब त्या दिवशी मिटतो आणि नवा ठरतो. वर्षभर राबणाऱ्या माणसाला या सणाला तरी हक्काची सुट्टी असते. जळगावजवळच्या आसोद्याच्या लेक बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांनी आखाजीवर कविता केली आहे. 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा सण कदाचित पहिल्यांदा भेटला असेल. इथल्या बायकांच्या ओठांवर तो आधीपासून होता.

त्या दिवसाचा पहिला मान पाण्याचाच. पितरांच्या नावानं नवी घागर भरतात. तिच्यावर लहान मडकं आणि त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. शेजारी सांजोरी आणि आंबा. गोवरीच्या विस्तवावर तुपातला घास टाकतात, ती आगारी. भर वैशाखात गेलेल्या माणसांची आठवण करायची, ती त्यांना तहान लागली असेल म्हणून! मी बाहेरून आलेली. पण सासूबाई गेल्यावर पहिल्या आखाजीला मी त्यांच्या नावानं घागर भरली, तेव्हा त्यांनी भांडीवालीपुढे ठेवलेला तांब्याच डोळ्यांपुढे होता.

मग जेवण. खापरावरची पुरणपोळी तव्यावरच्या पोळीसारखी लाटून होत नाही. दोन हातांवर झुलवत ती कोपरापर्यंत वाढवतात आणि पालथ्या खापरावर अलगद सोडतात. जिला ती जमते त्या बाईला चार घरची बोलावणी असतात. सोबत आमरस. आंबे बांधावरचे गावरान. शेंदऱ्या, साखऱ्या, खोबऱ्या अशी झाडांनाच नावं. पाडाला आलेला आंबा गवतात थरानं रचून आढी लावायची. पिकता आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो आणि बंद आढीत त्याच्या संगतीनं बाकीचे पिकतात. खाण्याआधी पाण्यात टाकायचे आणि हातानं पिळायचे. मिक्सरमधला रस एकसारखा गुळगुळीत होतो, पण त्यात कोयीला चिकटलेला गर चोखायचा राहतो. तो पोरांचा वाटा. रस वाटीत कधीच मोजून वाढत नाहीत. जावयानं वाटीवर हात आडवा धरला की हाताच्या फटीतून वाढायचा, हीही इथली रीत.

आखाजी सरली की दोन-चार दिवसांत स्टँडवर लेकींची गर्दी होते. पिशव्यांत आढीतले अर्धे कच्चे आंबे, सांजोऱ्या आणि बिबड्या. कुरडयांचा डबा मात्र कुणीच वरच्या रॅकवर ठेवू देत नाही. खड्ड्यात आदळला तर चुरा होईल. गाडी सुटेपर्यंत स्टँडच्या पाणपोईशी आई उभी असते. लाल ओलं फडकं गुंडाळलेल्या रांजणातून लांब दांड्याच्या ओगराळ्यानं ती लेकीची बाटली भरते, झाकण लावून खिडकीतून देते. लेक म्हणते, आहे गं पाणी. आई बाटली तिच्या मांडीवर, कुरडयांच्या डब्याशेजारी ठेवते.