जातिवंत कुत्र्यांचं दुखणं : दोष रक्ताचा की माणसाच्या हौसेचा?

मे महिन्यातली दुपार. पंखा गरगर फिरतोय, खिडकीला ओला वाळ्याचा पडदा आणि गार फरशीवर चारी पाय पसरून पडलेला घरातला लाडका पग. डोळे टक्क उघडे, पण घोरण्याचा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत. मुलं हसतात, ‘हा आजोबांसारखा घोरतो’ म्हणून पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात. जनावरांच्या डॉक्टरांना मात्र या आवाजाचं कौतुक नसतं. ते आधी नाकपुड्या पाहतात. नाकपुड्या कसल्या, दोन बारीक चिरा! जागेपणीही येणारा तो आवाज घोरण्याचा नसतो. हवा आत ओढण्याच्या धडपडीचा असतो.

२००३ साली हच कंपनीच्या मोबाइलच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग टीव्हीवर झळकला आणि बघता बघता इंदूरपासून हैदराबादपर्यंत फ्लॅटमधल्या कुटुंबांना त्यानं वेड लावलं. लहानखुरा, प्रेमळ, मुलांशी गोड, फार भुंकत नाही. घरात ठेवायला आणखी काय हवं? जाहिरातीत एवढंच दिसत नव्हतं, की या गोंडस चेहऱ्याची किंमत कुत्रा स्वतः प्रत्येक श्वासाला मोजत असतो.

हे होतं कसं? पगचा चेहरा चपटा करताना माणसानं त्याची हाडं आखूड केली, पण आतला मऊ भाग त्या मानानं आखडला नाही. टाळूचा मागचा मांसल पडदा लांबच राहिला आणि श्वासाच्या वाटेवर लोंबू लागला. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, नाकातोंडातल्या ओलाव्यावरून हवा खेळवायची आणि अंग थंड ठेवायचं, ही त्याची रीत. ती वाटच अरुंद असेल तर धापा टाकूनच कुत्रा आणखी तापतो. त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात चपट्या नाकाच्या कुत्र्याला उष्माघात फार लवकर गाठतो. शिवाय जबडा छोटा झाला तरी दात पूर्वीइतकेच, ४२! ते वेडेवाकडे दाटीवाटीनं उगवतात. खोबणीतून बाहेर आलेल्या डोळ्यांना जखमा होतात आणि चेहऱ्याच्या वळ्यांमध्ये ओल राहून कातडी सडते. ज्या मुरडलेल्या शेपटीचं एवढं कौतुक, ती मुरड ज्या वेड्यावाकड्या मणक्यांमुळे पडते, तसे मणके पाठीच्या कण्यातही असले तर मागचे पाय लुळे पडू शकतात.

चित्रातला कुत्रा आणि घरातला कुत्रा

पग पहिल्यापासून असा नव्हता. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकारानं १७४५ साली स्वतःचं चित्र रंगवलं, त्यात आपला लाडका पगही शेजारी बसवला. लंडनच्या टेट संग्रहालयात ते चित्र आहे. त्यातल्या कुत्र्याला चांगलं पुढे आलेलं नाकतोंड आहे. आजच्या पगशेजारी त्याला उभं केलं तर हे दोघे एकाच घराण्यातले, असं सांगूनही पटायचं नाही.

मधल्या काळात घडलं ते असं. १८५९ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये डॉग शो भरला. १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला. कोणत्या जातीचा कुत्रा कसा दिसावा याचे नियम ठरले, वंशावळीच्या वह्या तयार झाल्या आणि पुढे त्या वह्यांचे दरवाजे बंद झाले. म्हणजे आईबाप दोघंही वहीत असतील तरच पिलू जातिवंत. आधी कुत्र्याची पारख कामावरून व्हायची. शिकार करतो का, मेंढरं राखतो का, रात्री जागतो का, हे पाहिलं जायचं. आता पारख रूपावरून होऊ लागली. नियमात ‘आखूड नाक’ लिहिलेलं असलं, की परीक्षकाला त्याहून आखूड नाक जास्त आवडतं. बक्षीस मिळवणाऱ्या नराकडे सगळ्या माद्या जातात आणि पुढच्या पिढीचं नाक आणखी आत जातं.

त्यात नात्यातल्या नात्यात पैदास. लग्न जमवताना गोत्र पाहणारी माणसं पिलू घेताना मात्र बाप-लेकीच्या जोडीला ‘लाइन ब्रीडिंग’ म्हणून मान डोलावतात, हे नवलच! एकाच आजोबाचा छुपा दोष दोन्हीकडून आला की तो नातवंडांत उघडा पडतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ साली ब्रिटनमधल्या वंशावळी तपासल्या. तिथे पग होते सुमारे १०,०००, पण त्यांच्या रक्तातली विविधता भरली जेमतेम ५० कुत्र्यांइतकी.

टीव्हीवर फुटलेलं भांडं

हे सारं पशुवैद्यांना ठाऊक होतं. घराघरात पोहोचलं ते ऑगस्ट २००८ मध्ये, बीबीसीवर जेमिमा हॅरिसन यांचा ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ हा माहितीपट दाखवला गेला तेव्हा. त्यात सर्वांत जास्त लोकांच्या काळजाला भिडला तो कॅव्हलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. लांब कानांचा, मोठ्या डोळ्यांचा, कोणाच्याही मांडीवर जाऊन बसणारा हा कुत्रा. त्याच्या जातीतल्या कित्येकांची कवटी मेंदूला अपुरी पडते. मेंदूचा मागचा भाग मानेकडे ढकलला जातो आणि मज्जारज्जूत पाणी साचून पोकळ्या होतात. वेदना अशी, की कुत्रा हवेतच मान खाजवत राहतो, नुसता पट्टा लागला तरी किंचाळतो. जोडीला हृदयाच्या झडपेचा आजार आहेच. दहा वर्षांपर्यंत जगलेल्या बहुतेक कॅव्हलियरना तो गाठतो.

या जातीची जन्मकथा मात्र उलटीच आहे. छोट्या स्पॅनियलची नाकं चपटी होत चालली म्हणून रॉसवेल एल्ड्रिज हा अमेरिकन गृहस्थ हळहळला. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळच्या चित्रांत दिसतो तसा लांब नाकाचा कुत्रा जो आणेल त्याला २५ पौंडांचं बक्षीस, असं त्यानं १९२६ साली क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात जाहीर केलं. त्या बक्षिसातून आजचा कॅव्हलियर घडला. नाक सुधारलं, पण सुरुवातीचे कुत्रे मूठभर असल्यानं दोष रक्तात अडकून राहिले.

माहितीपटानंतर बीबीसीनं २००९ साली क्रफ्ट्सचं प्रक्षेपण थांबवलं. केनेल क्लबनं बऱ्याच जातींचे नियम बदलले, आई-मुलगा, बाप-लेक, सख्खी भावंडं यांच्या पिलांची नोंदणी बंद केली. २०१२ साली क्रफ्ट्समध्ये १५ जातींच्या विजेत्यांना पुढच्या फेरीआधी पशुवैद्याची तपासणी सक्तीची झाली. त्यात सहा जातींचे विजेते नापास झाले. बुलडॉग आणि पेकिंगीजही त्यांत होते. परीक्षकांनी सर्वोत्तम ठरवलेला कुत्रा डॉक्टरांनी बाहेर काढला म्हटल्यावर मालक खवळले. नेदरलँड्सनं २०१९ पासून, ज्याचं मुस्कट डोक्याच्या एक तृतीयांशापेक्षा आखूड आहे अशा कुत्र्याची पैदास रोखली. नॉर्वेत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२३ साली कॅव्हलियरची पैदास तिथल्या प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरली.

पैदास करणाऱ्यांची बाजू अगदीच लटकी नाही. ते म्हणतात, आम्ही एक्स-रे काढतो, हृदय तपासून घेतो, रक्ताच्या चाचण्या करतो. बदनाम मात्र आम्हीच होतो आणि पैशासाठी कोंदट खोलीत पिलं काढणारे मोकळे सुटतात. शिवाय मिश्र जातीचा म्हणजे ठणठणीत, हेही खरं नाही, असा त्यांचा दावा. त्याला आधारही आहे. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठानं २०१३ साली २७,००० हून अधिक कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या. २४ आनुवंशिक विकारांपैकी १० जातिवंतांत जास्त आढळले, १३ दोघांत सारखेच. ब्रिटनमधल्या २०२४ च्या अभ्यासात तर जातिवंतांचं सर्वसाधारण आयुष्य १२.७ वर्षं आणि मिश्रांचं १२ वर्षं निघालं! पण त्याच अभ्यासात लांब नाकाचे छोटे कुत्रे सर्वांत दीर्घायुषी ठरले आणि मध्यम बांध्याचे चपट्या नाकाचे नर सर्वांत अल्पायुषी. तेव्हा दोष ‘जातिवंत’ या शब्दाचा नाही. कोणत्या जातीत माणसानं काय मागितलं, त्याचा आहे. बुलडॉगचं डोकं इतकं मोठं मागितलं, की २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पाहणीत शंभरातली ऐंशीहून अधिक बाळंतपणं सिझेरियननं झालेली आढळली.

ठिपक्यांची अडतीस वर्षं

हे दुरुस्त होऊ शकतं का? होतं. डाल्मेशियनचं उदाहरण पाहा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या या जातीत एक दोष सगळ्यांतच बसलेला. इतर कुत्र्यांच्या शरीरात युरिक आम्लाचं सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर होतं, डाल्मेशियनच्या होत नाही. मग लघवीत खडे. नरांत तर मार्ग अरुंद, खडा अडकला की लघवी तुंबते आणि जीव धोक्यात येतो. निर्दोष जनुक जातीत शिल्लकच नव्हतं, म्हणून निवड करून करणार काय?

रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञानं १९७३ साली डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर केला. पुढे प्रत्येक पिढीत निरोगी पिलू निवडायचं आणि त्याची जोडी पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी. पहिल्या पिलांचे ठिपके फिसकटलेले होते, पण काही पिढ्यांत ओळखू न येण्याइतके देखणे डाल्मेशियन तयार झाले, तेही मुतखड्याच्या दोषाशिवाय! अमेरिकन केनेल क्लबनं १९८१ साली त्यातल्या दोघांची नोंद केली. पण डाल्मेशियनवाल्यांनीच ‘भेसळ’ म्हणून आरडाओरडा केला आणि नोंदणी थांबली. ती पुन्हा सुरू झाली २०११ साली. उपाय हाताशी असूनही वंशावळीच्या वहीतल्या एका पॉइंटरपायी किती कुत्रे तळमळले असतील!

आपल्या दारात

आपल्याकडे पिलू घेताना पहिला प्रश्न असतो, ‘पेपर्स आहेत का?’ ते कागद वंशावळ सांगतात, तब्येत नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. अठरा महिन्यांच्या आतल्या मादीची पैदास करायची नाही, तिला आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा व्यायला लावायचं नाही आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकायचं नाही. तरीही पेट्रोल पंपाजवळ गाडीच्या डिकीतून पिलं विकली जातातच.

तेव्हा कागद मागाच, पण आधी पिलाची आई दाखवायला सांगा. ती दहा मिनिटं खेळल्यावर कशी श्वास घेते ते कान देऊन ऐका. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. विकणारा चिडला, तर उत्तर मिळालंच. आपली मुधोळ-कारवानी जात चपळ आणि आपल्या हवेला सरावलेली आहे, पण तिला धावायला मैदान हवं, दोन खोल्यांचा फ्लॅट नव्हे. तमिळनाडूच्या पांढऱ्याशुभ्र राजापालयममध्ये बहिरेपणा आढळतो. देशी म्हणून डोळे मिटून घ्यायचं, असंही नाही.

आणि पग आधीच घरात असेल तर? त्याचा बिचाऱ्याचा काय दोष! त्याचं वजन वाढू देऊ नका, चरबी चढली की श्वास आणखी कोंडतो. गळ्याऐवजी छातीचा पट्टा बांधा. उन्हाळ्यात फिरायला उजाडायच्या आत न्या. बंद गाडीत पाच मिनिटंही सोडू नका. जीभ निळसर दिसली, तोल जाऊ लागला, तर आधी अंगावर नळाचं पाणी ओतून वारा घाला आणि मग रिक्षा बोलवा. नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळूचा लोंबता पडदा कापण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या मोठ्या शहरांतही होते. ती लवकर केलेली बरी. वर्षानुवर्षं जोर लावून श्वास ओढताना स्वरयंत्राची कूर्चाही आत दबत जाते आणि मग डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही.