लाडबोरीस पडलेले कडे

सन २०२२ च्या एप्रिल महिन्याची २ तारीख, गुढीपाडव्याचा दिवस. आदल्याच दिवशी अमावास्या झाली असल्यामुळे आकाश काळेभोर होते. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भातील लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या गोळ्यांची एक रांगच पाहिली. कोणी तिला उल्का म्हटले, कोणी विमान, तर कोणी परग्रहावरील यान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी ह्या गावी सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. पुढे आसपासच्या गावशिवारांत मोठ्या घागरीएवढे पोकळ गोळेही सापडले. कोणास इजा झाली नाही, ही देवाची कृपाच होय.

ग्रामस्थांनी वर्दी दिली, पोलिसांनी वस्तू सिंदेवाहीच्या ठाण्यात नेऊन ठेवल्या, आणि त्याच महिन्यात इस्रोचे शास्त्रज्ञ त्या तपासावयास आले. कोणी ते कडे भंगारात विकले असते, तर चौकशीस काय उरले असते?

डोळ्यांची साक्ष कोठवर खरी मानावी, हे येथे चांगले कळते. गोळे 'अगदी रानावरून' गेले असे पाहणारास वाटते. पण तीच रांग गुजरात व मध्य प्रदेश येथूनही दिसली, म्हणजे ती पुष्कळच उंच असली पाहिजे. अंतराचा अंदाज अंधारात फसतो. वेग मात्र उपयोगी पडतो. उल्का सेकंदास ११ ते ७२ किलोमीटर धावते आणि बहुधा क्षणात विझते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदास सुमारे ८ किलोमीटरच जाते. ती वातावरणात आडवी शिरते, तुटते, आणि तिचे तुकडे एकामागून एक सावकाश जळत जातात. पाडव्याच्या रात्री लोकांनी हेच पाहिले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'लाँग मार्च ३बी' अग्निबाणाचा एक टप्पा त्याच सुमारास खाली यावयाचा होता, असे जोनाथन मॅकडॉवेल ह्या खगोलशास्त्रज्ञांनी दाखविले. अग्निबाणात वायू मोठ्या दाबाखाली साठविण्यासाठी अशाच गोल टाक्या असतात. त्यांस पुष्कळदा टायटेनियम वापरतात. हा धातू सुमारे १,६६८ अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून टाकी जमिनीपर्यंत पोचते. कधी कधी टाकीत विषारी इंधनाचा अंश राहतो. सबब मुलांनी अशा वस्तूस हात लावू नये. वडीलधाऱ्यांनी पोलिसांस कळवावे.

अमेरिकेच्या हवाई दलाने १९४७ ते १९६९ पर्यंत अशा १२,६१८ वर्द्या तपासल्या. त्यांतील ७०१ चा उलगडा झाला नाही. उलगडा न होणे आणि परग्रहवासी येणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आमच्या विद्यार्थ्यांस निराळे सांगावयास नको.

आता हानी झाली असती तर? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये ती वस्तू सोडणाऱ्या राष्ट्राने भरपाई द्यावयाची असते. १९७८ मध्ये रशियाचा अणुशक्तीवर चालणारा उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले. १९८१ मध्ये तीस लाख पदरात पडले.