उचल, वेठ आणि कायदा

वेठ म्हटली की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे साखळदंड, आसूड आणि दाराशी पहारेकरी असे चित्र उभे राहते. आणि तसे काही आपल्या आसमंतात दिसत नसल्यामुळे, राज्यघटनेच्या 23व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठ यांना मनाई केली तेव्हाच हा प्रश्न निकालात निघाला, असे तो धरून चालतो. वस्तुतः घटना अमलात येऊन पाव शतक लोटल्यावर, 25 ऑक्टोबर 1975 रोजी, सरकारला वटहुकूम काढून वेठबिगार पद्धती रद्द करावी लागली आणि 1976च्या कायद्याने त्या वटहुकुमाची जागा घेतली. त्या कायद्याच्या व्याख्येला साखळदंडाची गरजच पडत नाही. घेतलेल्या आगाऊ रकमेपायी मजूर अन्यत्र काम करण्याचे, देशात कोठेही जाण्यायेण्याचे किंवा आपली मालमत्ता वा श्रमाचे फळ बाजारभावाने विकण्याचे स्वातंत्र्य गमावून बसला असेल, किंवा नाममात्र मजुरीवर राबत असेल, तर यांपैकी कोणतीही एक गोष्ट पुरते. लग्नाच्या खर्चासाठी कर्ज काढून सावकाराचा ‘लग्नगडी’ झालेला ठाणे जिल्ह्यातला वारलीही कर्जानेच बांधलेला होता, आणि 1945मध्ये वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला तो याच बंधनाविरुद्ध.

दुसरा समज अधिक चिवट आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. मजुराने पैसे स्वखुशीने घेतले, अंगठा स्वहस्ते उठवला, मग जबरदस्ती कसली, असा सवाल सभ्य माणसेही करतात. बीडकडचा ऊसतोड मजूर पावसाळ्यात, हाताला काम नसताना, टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दसरा-दिवाळीनंतर टोळी कारखान्याकडे निघते आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहते. मजुरी टनावर मोजली जाते आणि ती हाती न पडता उचलीत वळती होते; आजारपणाने वा बाळंतपणाने काम बुडाले तर ‘खाडा’ म्हणजे दंड लागतो; आणि हंगामाअखेरी हिशेब फिटला नाही तर बाकी पुढल्या वर्षाच्या खाती ओढली जाते. प्रत्येक उचल म्हणजे वेठ असे कायदा मानत नाही, आणि मानू नये. उचल घेऊन पसार होणाऱ्या टोळ्याही असतात, त्यांच्यापायी मुकादम बुडतो, हे त्याचे गाऱ्हाणे खोटे म्हणता येत नाही. परंतु येणे असलेल्याने दिवाणी दावा लावावा. माणूस कोंडून, त्याच्या बायकापोरांना अडकवून वसुली करण्याचा अधिकार कोणत्याही करारनाम्यातून उत्पन्न होत नाही. मजुराला काम सोडून जाता येते की नाही, येथेच खरी पारख आहे.

या ‘स्वखुशी’ची सर्वोच्च न्यायालयाने 1982 सालीच झडती घेतली. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावर मजूर आणणारे जमादार 9 रुपये 25 पैशांच्या किमान रोजातून रुपया दलाली कापून घेत. त्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी असे ठरवले की भूक आणि दारिद्र्य यांनी ज्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नाही, त्याने किमान वेतनाहून कमी रोजावर केलेले काम ही 23व्या अनुच्छेदातील सक्तीची मजुरीच होय. दारिद्र्याचा रेटाही सक्तीच असतो, असे देशाच्या श्रेष्ठ न्यायासनाने म्हणावे, आणि चाळीस वर्षे उलटल्यावरही आपण अंगठ्याचा ठसा पुढे करावा, हे मला तरी चमत्कारिक वाटते.

घेतलेले पैसे फेडलेच पाहिजेत, हा नीतीचा आग्रह समजण्यासारखा आहे. पण वेठीच्या कर्जापुरता कायदा याच्या उलट बोलतो. असे कर्ज फेडण्याची जबाबदारी नष्ट झालेली आहे, त्यासाठी दावा चालत नाही, आणि धनकोने त्यापोटी रक्कम स्वीकारणे हाच गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय मजुराने कर्ज वेठीचे आहे असे म्हटले की ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर पडतो. अंगठा उठवलेला कागद ज्याच्या पेटीत असतो त्याच्यावरच हा भार टाकण्यात कायदेकर्त्यांनी शहाणपण दाखवले आहे.

स्थलांतरित मजुरांसाठी वेगळा कायदा असल्याने ते सगळे सुरक्षित आहेत, हा समज मात्र नकाशाची सीमारेषा पाहताच ढासळतो. ओरिसाच्या ‘दादन’, म्हणजे उचलीवर नेलेल्या, मजुरांच्या हालअपेष्टांतून घडलेला 1979चा कायदा विस्थापन-भत्ता, प्रवासखर्च, निवारा आणि औषधोपचार ही सर्व देणी ठेकेदारावर टाकत असे. पण कोणासाठी, तर ठेकेदारामार्फत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्यांसाठी. बीडहून निपाणीकडे गेलेली टोळी, राज्याची हद्द ओलांडल्यामुळे, त्या कायद्याच्या कक्षेत येत असे, आणि तेथून जवळच असलेल्या कागलला थांबलेली, तोच ऊस तोडणारी टोळी त्याबाहेर राहत असे. 2025मध्ये त्याची जागा घेणाऱ्या 2020च्या कामगार संहितेने स्वतःहून परराज्यात गेलेल्यांनाही व्याख्येत घेतले खरे; पण मजुरांची किमान संख्या पाचावरून दहावर नेली, आणि राज्याच्या हद्दीची अट तशीच ठेवली. वेठबिगारविरोधी कायद्याला मात्र ही हद्द ठाऊक नाही, हे राज्यातल्या राज्यात हिंडणाऱ्या मजुराने ध्यानात घेण्याजोगे आहे.

राहता राहिली सुटका. पोलिसांनी वीटभट्टीवरून वा फडावरून माणसे आणली म्हणजे ती मुक्त झाली, असे वृत्तपत्रे लिहितात. सरकारदरबारी मात्र महसुली दंडाधिकाऱ्याचे मुक्तता-प्रमाणपत्र हाती आल्यावाचून मजुराची वेठबिगार म्हणून नोंदच होत नाही. 2016च्या केंद्रीय योजनेत प्रौढ पुरुषास 1 लाख, स्त्रिया व बालकांस 2 लाख, आणि अत्याचाराच्या अतिगंभीर प्रकरणांत 3 लाख रुपये ठेवले आहेत; परंतु पूर्ण रक्कम आरोपीच्या शिक्षेशी जोडलेली, आणि खटला उभा राहीपर्यंत फिर्यादी दुसऱ्या जिल्ह्यात कामाला लागलेला. तातडीच्या मदतीला ही अट नाही. ती जिल्हाधिकाऱ्याने निकालाची वाट न पाहता द्यावयाची असते, आणि अर्जदाराने ती नाव घेऊन मागितलेली बरी.