वाटेत म्हातारी होणारी वाळू

मुलांनो, तेरच्या बाजूला तेरणेच्या पात्रातली मूठभर वाळू हातात घेऊन कधी नीट बघितली आहे? काळपट, करडी, मधूनच एखादा पांढरा कण. संत गोरोबाकाका कुंभार ज्या तेर गावात चिखल तुडवायचे, तिथला गाळही असाच काळा. हा रंग येतो आपल्या काळ्या खडकातून. त्याचं नाव बेसाल्ट. नळदुर्गचा किल्ला याच खडकाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला, पुन्हा थिजला. धाराशिव जिल्हा जवळजवळ सगळा या थरांवर बसलेला आहे. म्हणजे तेरणेची वाळू ज्या खडकातून सुटली, तो फार तर एवढा जुना.

आता या वाळूबरोबर प्रवासाला निघू या. तेरणा मांजरेला मिळते. मांजरा बिदरच्या बाजूने तेलंगणात जाते आणि संगारेड्डी, मेदककडे पोहोचते. तिथे काळा खडक संपतो आणि ग्रॅनाइट सुरू होतो. हा ग्रॅनाइट साधारण २५० कोटी वर्षांचा! त्याचे कण मांजरेच्या पाण्यात उतरतात आणि आपल्या काळ्या वाळूत मिसळतात. पुढे कंदकुर्तीला नदी गोदावरीत शिरते, तेव्हा तिच्या वाळूतले काही कण आपल्याकडच्या कणांपेक्षा ३८ पट जुने असतात. नदी पुढे जाते आणि तिची वाळू म्हातारी होत जाते! मला तर हे कितीही वेळा आठवलं तरी नवल वाटतं.

पण एवढ्याशा कणाचं वय कळतं कसं? त्यासाठी एक खास खनिज शोधावं लागतं. त्याचं नाव झिरकॉन. मिठाच्या बारीक दाण्याहूनही लहान, पण चिवट. डोंगर झिजून वाळू झाली, वाळू शेकडो किलोमीटर घासत गेली, तरी झिरकॉन सहसा टिकून राहतो. हा स्फटिक तयार होताना थोडं युरेनियम आपल्यात सामावून घेतो, शिशाला मात्र आत जागाच देत नाही. मग त्या युरेनियमचं अगदी संथपणे शिसं होत जातं. किती संथ? युरेनियमच्या मुख्य प्रकारातला निम्मा साठा बदलायला ४४७ कोटी वर्षं लागतात. झिरकॉन जन्मला तेव्हा आत शिसं नव्हतं, म्हणजे आज सापडलेलं शिसं आतच तयार झालेलं. युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं हे मोजलं की वयाचं गणित सुटतं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये तर ४४० कोटी वर्षांचा झिरकॉन सापडला आहे. पृथ्वीचंच वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, म्हणजे विचार करा!

वाळूतून झिरकॉन वेगळा काढणं हे मोठं चिकाटीचं काम. आजी सुपात धान्य पाखडते, तशी वाळू पाण्यात हलवून हलके कण बाजूला करतात, कारण झिरकॉन पाण्याच्या साडेचार पटींहून जड असतो. मग चुंबकाने लोखंडी कण ओढून घेतात. उरलेल्यातून सूक्ष्मदर्शकाखाली झिरकॉन वेचतात आणि एकेका दाण्यावर लेसरने खड्डा पाडतात. तो केसाच्या जाडीहूनही बारीक असतो! उडालेली वाफ यंत्रात जाते आणि युरेनियम, शिसं मोजलं जातं. एका दाण्यावरून नदीबद्दल काहीच ठरत नाही, म्हणून एका नमुन्यातले शंभराच्या आसपास दाणे तरी तपासतात. मग कोणत्या वयाचे किती दाणे आले ते पाहून सांगता येतं, की ही वाळू कुठल्या डोंगरातून आली.

आपल्या बेसाल्टमध्ये मात्र झिरकॉन सहसा तयारच होत नाही, कारण त्याला लागणारी सिलिका तिथे कमी पडते. मग आपल्या लाव्हाचं वय कसं कळलं? घाटात लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो ना? शास्त्रज्ञांना काही पट्ट्यांमध्ये इवले झिरकॉन मिळाले. ज्वालामुखीच्या राखेबरोबर उडून आलेले! त्यांच्यामुळेच आपल्या लाव्हाचं वय इतकं अचूक ठरवता आलं.

आणि आता सगळ्यात नवलाची गोष्ट, आपल्याच पायाखालची. १९९३ च्या ३० सप्टेंबरला आपल्या भागात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही नावं घरातल्या मोठ्यांच्या तोंडून तुम्ही ऐकली असतील. नंतर जमिनीखाली काय आहे हे समजून घ्यायला किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडलं. ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, मग थोडा प्राचीन गाळ लागला आणि त्याखाली सुमारे २५७ कोटी वर्षांचा खडक! म्हणजे मांजरेला तेलंगणात जी म्हातारी वाळू भेटते, तिच्या वयाचा खडक आपल्या पायाखालीसुद्धा आहे. फक्त लाव्हाने त्याला झाकून टाकलंय, म्हणून नदीला तो शिवता येत नाही.

आपला काळा गाळ शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून गाळाचा लांब दंडगोल वर काढून शास्त्रज्ञांनी तो तपासला. इथे मात्र त्यांनी निओडायमियम या धातूवरून दख्खनच्या बेसाल्टचा गाळ आणि जुन्या खडकांचा गाळ वेगवेगळा ओळखला. २०१७ मध्ये त्यांनी लिहिलं, की गेल्या काही हजार वर्षांत पावसाळा कमजोर झाला तेव्हा जमिनीची धूप वाढली आणि पुढे दख्खनवर शेती पसरली तशी ती आणखी वाढली. आपल्या शेतांमधून वाहून गेलेल्या मातीचा हिशेब समुद्राच्या तळाशी सापडला!

लेसर तुमच्याकडे नाही, पण चुंबक असेल. घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन, कोरड्या पात्रातली वाळू आणा. चुंबकाला कागद गुंडाळा आणि वाळूतून फिरवा. काळे कण चिकटून येतील. ते मॅग्नेटाइटचे, थेट लाव्हातले. आणि एक कोडं: परांड्याकडची सीना आणि नळदुर्गची बोरी मांजरेकडे जात नाहीत, भीमेला मिळतात. मग त्यांच्या वाळूला म्हातारे सोबती कुठे भेटत असतील? नकाशा उघडा आणि कलबुर्गी, यादगीरच्या बाजूला बोट फिरवून बघा.