पाण्याला भिणारा श्याम

मालवणात कथाकथनाचा कार्यक्रम असो की शाळेचे स्नेहसंमेलन, ‘श्यामची आई’तील एखादी रात्र तेथे हटकून सांगितली जाते. त्यात आश्चर्य नाही. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत मालवण आणि श्यामचे पालगड एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होते. चाकरमान्याच्या मनिऑर्डरीकडे डोळे लावून संसार रेटणाऱ्या माउल्यांच्या या मुलखाला श्यामच्या घरातील ओढगस्त निराळी समजावून सांगावी लागत नाही. मात्र व्यासपीठावर उभा राहतो तो श्याम फारच शहाणा असतो. पुस्तकातला तसा नाही.

श्याम म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९. बालवाङ्मयातील गाजलेल्या पात्रामागे खरे मूल असणे ही गोष्ट नवी नव्हे. इंग्लंडात मिल्न यांनी आपल्या मुलालाच, क्रिस्टोफर रॉबिनला, गोष्टींत आणले. पुढे शाळासोबत्यांच्या चेष्टेमुळे त्या मुलाला आपले नावच नकोसे झाले. तेथे मूल एक आणि लेखणी दुसऱ्याची. श्यामच्या बाबतीत आरोपीनेच फिर्याद लिहिली. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात तेहतीस वर्षांच्या या कैद्याने पुस्तकाचा बहुतेक भाग अवघ्या काही दिवसांत लिहून काढला. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले.

त्यात त्याने स्वतःची गय केलेली नाही. पोहायला जाण्याच्या भीतीने श्याम घरात दडून बसतो आणि आई त्याला मारून विहिरीवर धाडते. मालवणच्या किनाऱ्यावरील पोरांना कोकणातला हा भित्रा मुलगा हास्यास्पद वाटेल, वाटू द्यावा. ज्याला भय वाटते, जो चुकतो, अशाच मुलाशी वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलाचे नाते जुळते. त्याला आदर्श बालक करून टाकण्यात आपल्या शिक्षकवर्गाचा हेतू चांगला असेल, पण त्यात नुकसान मुलांचेच आहे. १९१७ साली आईने डोळे मिटले, तेव्हा हा मुलगा शिक्षणासाठी परगावी होता. अखेरची भेट झाली नाही. पुस्तकातील अश्रूंना भाबडेपणा म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आईचेही तसेच. वाटेत पडलेल्या महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला ती श्यामला पाठवते, परंतु परत आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. ही आंघोळ कथाकथनातून बहुधा गळते. ती गाळली, की त्या बाईने आपल्या काळाच्या मर्यादेतून किती अंतर कापले आणि मुलाला किती कापावे लागले, हे कळण्याचा मार्गच बंद होतो. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्या मुलाने १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. ते १० मे रोजी सुटले. त्या वेळी आईला जाऊन तीस वर्षे होत आली होती.